पाऊण फेरा

खंबाटकी घाट चढताना आमच्या पुढे एक जुना ट्रक होता. मागच्या फाळक्यावरचा रंग उडालेला, ताडपत्रीची दोरी एका अंगाला सुटून लोंबत होती. दर वळणावर ड्रायव्हरने गिअर टाकला की चाकांच्या मधून काळ्याकुट्ट धुराचा एक लोट बाहेर पडायचा. दोन-तीन सेकंदच. मग टर्बोची बारीक शिट्टी ऐकू यायची, धूर विरळ होत जायचा आणि ट्रक जोर धरायचा. पुढचं वळण आलं की पुन्हा गिअर, पुन्हा लोट. लेक माझ्या शेजारी बसली होती. तिने काच वर केली, नाक दाबलं. मी सवयीने बोलून गेलो, "हवा यायच्या आधीच डिझेल सोडतोय. पंपाला हात लावलाय कुणीतरी." ती म्हणाली, "कुणी?" मी म्हटलं, "काय माहीत. ड्रायव्हरने सांगितलं असेल, मिस्त्रीने करून दिलं असेल." ती जरा वेळ त्या ट्रककडे बघत राहिली आणि म्हणाली, "आणि ड्रायव्हरला माहीतच नसेल तर?"

मी ओव्हरटेक केलं नाही. घाट संपेपर्यंत त्या धुरामागेच राहिलो.

माझं पोट इंजिनांवर चालतं. पुण्यात डिझेल इंजिनांचं कॅलिब्रेशन करतो, म्हणजे नवीन इंजिन टेस्ट बेडवर चढलं की त्याच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, जे हजारो आकडे भरायचे असतात ते ठरवणाऱ्या टोळीतला एक. त्यातला माझा तुकडा 'बेस'चा. घरी कुणी विचारलं की मी सांगतो, मूल जन्मल्यावर त्याला आधी श्वास घ्यायला, दूध प्यायला आणि झोपायला शिकवावं लागतं ना, तेवढंच माझ्याकडे. पळायला दुसरे लोक शिकवतात. काम अत्यंत रटाळ आहे. ९०० आरपीएमवर इंजिन धरायचं, थोडासा लोड द्यायचा, पाण्याचं तापमान ऐंशीच्या पुढे जाऊन स्थिरावेपर्यंत थांबायचं, एक्झॉस्टचा आकडा डुलायचा थांबला की नोंद घ्यायची, इंजेक्शनचं टायमिंग अंशाअंशाने मागेपुढे सरकवून डिझेल कुठे कमी लागतं ते बघायचं, आणि पुढच्या बिंदूवर जायचं. असे शेकडो बिंदू. फुल लोडची चाचणी असली की काचेपलीकडे गर्दी होते, कारण तेव्हा मॅनिफोल्ड आणि टर्बोचं घर निखाऱ्यासारखं लालभडक दिसतं, लोक मोबाइलवर फोटो काढतात. ९०० आरपीएमला कुणी फिरकत नाही. तिथे मी आणि कॉफीचा कागदी कप.

या कामाचं नाव मात्र मला कुठल्या कंपनीत किंवा कॉलेजात कळलं नाही. ते कळलं कराडजवळ, मलकापूरच्या बाजूला हायवेलगत असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, जिथली जमीन वर्षानुवर्षं तेल पिऊन डांबरासारखी झालेली होती आणि पावसाळ्यात तिच्यावर इंद्रधनुष्यं तरंगायची.

साल १९९९. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सेकंडहँड १६१३, म्हणजे टाटाची मालगाडी, घेतली होती. कमिन्सचं सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं टर्बो इंजिन. कारखान्याची साखर भरून न्हावाशेव्याला जायची आणि येताना मिळेल तो माल घेऊन यायची. घेतल्यावर चार महिन्यांतच इंजिन खोललं गेलं. रिंगा, बेअरिंगं, हेडचं काम, सगळं झालं, पैसे गेले, आणि गाडी बाहेर आली ती मरगळलेलीच. सकाळी सेल मारला की पांढरा धूर, चढाला काळा, आणि मधेच इंजिन असं थरथरायचं की केबिनमधल्या गणपतीच्या मूर्तीला धरून ठेवावं लागे. शेवटी ड्रायव्हरकाकांनी या मिस्त्रीचं नाव काढलं. मिस्त्री मूळचे कोल्हापूरचे. पोरवयात उद्यमनगरात ऑइल इंजिनांवर हात काळे केलेले. बोलणं कमी. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, एका जुन्या चष्म्याच्या घरात ठेवायचे आणि ते घर बनियनच्या आत, छातीपाशी.

अण्णा म्हणाले, "मिस्त्री, जरा पिकअप वाढवून द्या. चढाला ओढत न्हाई."

मिस्त्री म्हणाले, "आधी बेस बघू. पिकअप कुठं पळून जात न्हाई."

पहिल्या दिवशी त्यांनी एकही पाना हातात घेतला नाही. एअर फिल्टर काढून उन्हाकडे धरला, डोळा लावून बघितलं, आपटून परत बसवला. मग दाढीचा ब्रश आणि साबणाचं पाणी मागितलं. मला वाटलं दाढी करतात की काय. हेल्परला म्हणाले, "रेस दे, धरून ठेव," आणि टर्बोपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या पाइपांच्या प्रत्येक जोडावर फेस फासत गेले. तिसऱ्या जोडावर, क्लिपेच्या खालच्या अंगाला, जिथे डोळा पोचतच नाही, फेसाचा एक मोठा बुडबुडा आला, फुगला आणि फट्‌दिशी फुटला. मागोमाग दुसरा. मिस्त्रींनी माझ्याकडे बघून बोट दाखवलं. "निम्मं पिकअप हितनंच गळतंय." टर्बो म्हणजे काय ते मला पुस्तकात वाचून पाठ होतं. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं हेही परीक्षेपुरतं ठाऊक होतं. मिस्त्रींचं सांगणं वेगळं होतं. ते म्हणायचे, धूर फुकट बाहेर जातो तो जाता जाता एक भोवरा फिरवतो, आणि त्याच दांडीवरचा दुसरा भोवरा हवा आत कोंबतो. "भोवरा फिरायला येळ लागतो. तेवढा येळ त्याला द्यायचा." लाखाच्या घरात फेरे घेणाऱ्या वस्तूला भोवरा म्हणणं मला तेव्हा गावठी वाटलं होतं. आता नवीन पोरांना समजावताना मीच भोवरा म्हणतो.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी लावायचं काम, दुसऱ्या दिवशी, पहाटे. इंजिन पूर्ण गार पाहिजे म्हणून. नोव्हेंबर होता, लोखंडाला हात लावला की चटका बसावा असा गारवा. हेडची झाकणं निघाली, आत बारा व्हॉल्व्ह, स्प्रिंगांवर मधासारखं तेल. मिस्त्रींनी हेल्परला गिअरच्या घराच्या मागच्या बाजूला असलेली एक लहानशी पिन दाबून धरायला लावली आणि स्वतः टॉमीच्या दांड्याने इंजिन फिरवत राहिले. पहिलं सिलिंडर वरच्या टोकाला आलं की ती पिन आतल्या भोकात टुपकन पडते. पडली, की पहिलं वाक्य: "काढ पिन." कारण ती तशीच राहिली आणि कुणी इंजिन फिरवलं तर मोडते. दिवसभरात त्यांनी "पिन काढली का?" हे इतक्यांदा विचारलं की शेवटी चहावाला पोरगाही विचारायला लागला. मग चष्म्याचं घर उघडलं. इनलेटला दहा थाऊ, म्हणजे इंचाचे दहा हजारांश, एक्झॉस्टला वीस. बारापैकी सहा व्हॉल्व्ह या फेरीत, मग इंजिन एक फेरा फिरवून उरलेले सहा. तोंडाने पुटपुटणं चालू: एक पाच तीन, सहा दोन चार, एक पाच तीन, सहा दोन चार. सिलिंडर पेटण्याचा क्रम, पण लय अशी की लांबून कुणाला वाटावं म्हातारा जप करतोय.

त्यांनी पाती माझ्या हातात दिली. "वढून बघ." मी ओढली, ती सरळ निघाली. "सुटी हाय." त्यांनी नट किंचित फिरवला. "आता?" आता अडकली. "गच्च झाली." पुन्हा किंचित. या वेळी पाती निघाली ती एका हलक्या, एकसारख्या ओढीने, तेलकट बोटांच्या चिमटीतून कुणी पोस्टकार्ड काढून घ्यावं तशी. "ह्ये ध्यानात ठेव," म्हणाले. आज माझ्याकडे मायक्रॉनात बोलणारी यंत्रं आहेत. तरी डोळे मिटून अंतर ठरवायचं तर मला ते पोस्टकार्डच आठवतं.

पुढे दोन दिवस पंपाचे. नोझल आणि पंप कराडच्या पंप रूममध्ये गेले. तिथे मी पहिल्यांदा टेस्ट बेंच बघितला: सहा काचेच्या नळ्या ओळीने, पंप फिरायला लागला की प्रत्येकीत डिझेल चढतं, आणि सहाही नळ्यांतली पातळी एका रेषेत आली पाहिजे. आमच्या पंपाची चौथी नळी बाकीच्यांपेक्षा बोटभर खाली होती. केबिनमधला गणपती थरथरायचा त्याचं मूळ हे. नोझल तपासायच्या हातपंपावर एकेक नोझल बसवून दांडा दाबला की चांगलं नोझल कर्रर्र असं करकरतं आणि डिझेलचं धुकं सुटतं. खराब असलं तर नुसतं मुततं. हा शब्द तिथल्या माणसाचा, त्याहून नेमका मला अजून मिळालेला नाही.

पंप परत बसवल्यावर टायमिंग. पहिल्या सिलिंडरच्या जोडातला डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि त्याची स्प्रिंग काढायची, जागेवर वाकडी नळी लावायची, हातपंपाने डिझेल चालू ठेवायचं आणि इंजिन हळू, अगदी हळू फिरवायचं. आधी नळीतून धार पडते. मग धार बारीक होते. मग तुटते, थेंब होतात. टप टप, मग टप… आणि एका जागी पुढचा थेंब यायचा थांबतो. नळीच्या तोंडाशी लोंबत राहतो. तिथे पंप डिझेल दाबायला सुरुवात करतो. ते ठरलेल्या अंशावर आलं तर ठीक, नाहीतर पंपाचे नट सैल करून पंप केसभर आत किंवा बाहेर कलवायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून धार. मिस्त्रींनी ते सात वेळा केलं. सातही वेळा शेडमधले सगळे जण बोलायचे थांबले. हायवेवरून ट्रक जात होते, पलीकडे कुणीतरी पंक्चरचं टायर बडवत होतं, आणि आम्ही पाच-सहा माणसं एका लोंबणाऱ्या थेंबाकडे बघत उभे होतो.

शेवटी स्लो, म्हणजे पाय न दाबता इंजिन चालायचा वेग, लावलं, कमाल आरपीएम बघितलं आणि गव्हर्नरवर, म्हणजे पंपातून डिझेल किती सुटावं ते सांभाळणाऱ्या भागावर, बसलेल्या डबीजवळ आले. त्या डबीत एक डायफ्रॅम असतो, टर्बोच्या बाजूने एक बारीक नळी तिला येऊन मिळते. हवेचा दाब आला की डायफ्रॅम दबतो आणि पंपाला जास्त डिझेल सोडायची मुभा मिळते. दाब नसेल तर मुभा नाही. ड्रायव्हरने पाय कितीही दाबला तरी. मिस्त्रींनी तिथला स्क्रू जागेवर आणला, त्याच्या नटातून तार ओवली, शिशाचं सील पकडीने दाबलं. "हिला पुन्यांदा हात न्हाई."

गाडी भरून ट्रायलला गेली. धूर नाही. इंजिन एका सुरात. चढावर मात्र गिअर टाकला की क्षणभर गाडी विचार केल्यासारखी करायची, मग ओढायची. ड्रायव्हरकाकांना तो क्षण खटकला. ते माणदेशातले, दुष्काळी मुलखातल्या माणसाला वाट बघण्याची सवय असते म्हणतात, पण स्टिअरिंगवर बसल्यावर ती कुठे जायची कोण जाणे. त्यांनीच मला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं. चढ संपला की किंवा गाडी लांबून आली की इंजिन लगेच बंद करायचं नाही, टर्बो गरम असतो, तेल आत जळतं, ही मिस्त्रींची ताकीद त्यांनी आपल्या मापात बसवली होती: "तंबाखू मळून होईस्तवर इंजिन चालू." घरी मात्र ते दोनदा बोलले, "गाडी झकास झालीया, फकस्त चढाला दम लागतोय."

आणि मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. गव्हर्नरचं प्रकरण नुकतंच झालं होतं. परीक्षेत पैकीच्या पैकी.

रात्री जेवणं झाल्यावर मी बॅटरी आणि नोजप्लायर घेऊन बाहेर गेलो. तार तोडायला काहीच लागलं नाही. शिशाचं सील तळहातावर पडलं ते वाटाण्याएवढं आणि अजिबात वजन नसलेलं. नट सैल केला, स्क्रू आधी पाव फेरा फिरवला, मग वाटलं एवढ्याने काय कळणार, आणखी अर्धा. पाऊण फेरा. नट आवळला, तार अशी गुंडाळली की वरवर बघणाऱ्याला सील जागेवर आहेसं वाटावं. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलंच नाही. मी काही बिघडवत नव्हतो, सुधारत होतो. मनात मी त्यांना आश्चर्याचा धक्का देणार होतो, दोन-तीन खेपांनंतर, सगळे खूश झाल्यावर.

खूश तर झालेच. पुढच्या खेपेहून काका आले ते अंगणातूनच ओरडत. "मिस्त्रीचा हात आता बसला बघा मालक! घाटाला अशी उचलतीया!" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या पैशाने गाडीला नारळ फोडला. खोबरं मलाही मिळालं.

अण्णांची एक लाल बांधणीची वही होती. प्रत्येक खेपेचं डिझेल, टोल, हमाली, पोलीस, सगळं तिच्यात. कराड ते न्हावाशेवा आणि परत, साधारण ५६० किलोमीटर. मिस्त्रींनी बेस लावून दिल्यावर पहिल्या दोन खेपांना गाडीने ४.२ चं अ‍ॅव्हरेज दिलं होतं. त्यानंतर ३.८. गणित कुणीही करावं: १३३ लिटरच्या जागी १४७. खेपेला १४ लिटर. ते १४ लिटर कुठे जात होते ते मला आता चांगलं सांगता येतं. टर्बो फिरायला लागण्याआधीचे ते दोन-तीन सेकंद, आत हवा पुरेशी नाही आणि डिझेल मात्र पूर्ण. ते अर्धवट जळतं, काजळी होऊन बाहेर पडतं. शिवाय गाडी ओढायला लागली म्हणून काका जिथे आधी थांबून गिअर बदलायचे तिथे आता पाय दाबत होते. तेव्हा मी वहीत डोकावलोही नव्हतो. अण्णा तीन खेपा गप्प राहिले. चौथ्या खेपेला रात्री त्यांनी काकांना सोप्यात बसवलं. मी पलीकडे जर्नल लिहीत होतो.

"डिझेल कुठं जातंय?"

"गाडी खातीया, मालक."

"गाडी कशी खाईल? मिस्त्रीनं बेस लावून दिलाय. पहिल्या दोन खेपांना दिलं की बेचाळीस."

'बेचाळीस' म्हणजे ४.२. ड्रायव्हर-मालक असंच बोलतात. काकांकडे त्यावर उत्तर नव्हतं. कुठून असणार? मिस्त्रींचं चोख काम हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाला होता. बेस बरोबर आहे, धरून चाललेलं. मग उरतो तो माणूस. वाटेवरच्या धाब्यांमागे कॅनमध्ये डिझेल काढून विकणारे ड्रायव्हर अण्णांनी आयुष्यभर बघितलेले. त्यांनी 'चोर' हा शब्द वापरला नाही, एवढं मला नक्की आठवतं. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मदतीसाठी वगैरे नाही. घरातलं पोर ऐकतंय म्हणून लाजून. मी मान खाली घालून आकृतीला रेघा मारत होतो. आकृती गव्हर्नरची नव्हती. असती तर लिहिताना बरं दिसलं असतं. कसलीशी कपलिंग होती. त्या क्षणी मला नीटसं उमगलं होतं का की हे माझ्या पाऊण फेऱ्यामुळे आहे? मी स्वतःला हे पुष्कळदा विचारलंय. अर्धं उमगलं होतं. आणि अर्ध्या उमगलेल्या गोष्टीवर गप्प बसायला फार सोपं जातं.

काकांनी किल्ली कोनाड्यात ठेवली. सकाळच्या एसटीने ते दहिवडीला गेले.

महिन्याभरात नवा ड्रायव्हर आला. अ‍ॅव्हरेज अडतीसच. अण्णा गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेले, मलाही सोबत नेलं. मिस्त्रींनी बॉनेटखाली वाकून बघितलं आणि बराच वेळ वाकूनच राहिले. तार त्यांनी नखाने उचलली, ती अलगद हातात आली. स्क्रूच्या खाचेत मी केलेला ओरखडा पितळेसारखा चकाकत होता. ते सरळ झाले, हात कॉटनवेस्टला पुसले, आणि अण्णांना म्हणाले, "सील तुटलंय. हादऱ्यानं तुटतं कवाकवा. पंप जास्त सोडतोय." अण्णा एकदम खाली, त्या काळ्या जमिनीकडे बघायला लागले. मग चहा सांगायला म्हणून हायवेकडे निघून गेले आणि खूप वेळ आले नाहीत.

मिस्त्रींनी स्क्रू मागे घेतला, मोजत. "पाऊण फेरा," म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही. मग साबणाचं पाणी आणि ब्रश मागवला.

मी म्हटलं, "परत सगळं कशाला? तेवढा एकच स्क्रू मागं घ्यायचा होता."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू एकच हालवलास, ह्ये मला कसं कळनार?"

पुन्हा फेस, पुन्हा गार इंजिनाची वाट, पुन्हा पिन, पाती, एक पाच तीन सहा दोन चार, पुन्हा थेंब. दोन दिवस. माझ्याकडून त्यांनी काही कबूल करून घेतलं नाही, आणि पैसे घेताना अण्णांकडून निम्मेच घेतले. काही लागत नाही म्हणाले असते तर अण्णांना शंका आली असती, हा त्यामागचा हिशोब मला पुष्कळ उशिरा कळला. अण्णांनी दहिवडीच्या बाजारात निरोप धाडला होता. काका कुठल्याशा दुसऱ्या गाडीवर लागले होते, लांबच्या लाइनला. पुन्हा आले नाहीत. अण्णांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. सील हादऱ्याने तुटलं होतं हेच त्यांना माहीत.

आता त्या डबीच्या जागी एक तक्ता आहे. आरपीएम एका बाजूला, हवा दुसऱ्या बाजूला, आणि घराघरांत आकडे: एवढी हवा असेल तर एवढंच डिझेल, पाय कितीही दाबा. स्मोक लिमिट म्हणतात. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा २०१७ नंतरच्या आणि मग २०२० नंतरच्या गाड्यांत त्याच्याभोवती सेन्सरांचा आणि फिल्टरांचा एवढा गराडा पडला की तो चुकला तर धूर दिसण्याआधीच डॅशबोर्डवर दिवा लागतो. शिशाच्या सीलच्या जागी पासवर्ड आला. तो तोडणारी पोरंही आली. लॅपटॉप घेऊन ट्रान्सपोर्ट नगरात फिरतात, अर्ध्या तासात पिकअप वाढवून देतात. त्यांच्यावर चिडायचा मला फारसा अधिकार नाही. आमच्या ऑफिसात नवी मुलं येतात, हुशार असतात, आणि पहिल्या आठवड्यात मागच्या इंजिनाचा तक्ता उचलून नव्याला लावू बघतात, कारण 'फक्त टर्बोच बदललाय सर'. मी त्यांना सगळं पहिल्यापासून करायला लावतो. गळती तपासण्यापासून. ती वैतागतात. एकाने मला तोंडावर म्हातारा म्हटलं नाही एवढंच.

त्या दिवशी घाट संपल्यावर आम्ही त्या ट्रकच्या पुढे निघून सुरूर फाट्यावर चहाला थांबलो, आणि पाचेक मिनिटांनी तोच ट्रक मागून येऊन टपरीपलीकडे उभा राहिला. यात योगायोग काही नाही, घाट उतरलेले निम्मे ट्रक तिथेच थांबतात. जवळून बघितला तर पंपाचंच जुनं इंजिन. ड्रायव्हर पन्नाशीतला, खाली उतरून टायरांवर मूठ मारत एक चक्कर घेऊन आला. लेक माझ्याकडे बघत होती. मी कप ठेवून त्याच्याकडे गेलो. किती देते म्हणून विचारलं. ट्रकवाल्याशी बोलायला याहून चांगली सुरुवात नसते.

"छत्तीस देती. कधी पस्तीस." मग लगेच, कुणी कमीपणा दाखवण्याआधी सावरून घ्यावं तसं, "पण चढाला वढती बघा साहेब. बघितलंसा की घाटात."

"बघितलं," मी म्हटलं. "मालक काय म्हणतात छत्तीसला?"

तो हसला नाही. बंडीच्या खिशातून चंची काढली, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला. इंजिन मागे चालूच होतं, स्लोला, एक सिलिंडर किंचित चुकत. अंगठा फिरत राहिला. पंप दाखवून घ्या, गव्हर्नरवरचं सील बघा, आणि आधी दाखवा, हिशोबाच्या आधी, असं सगळं मी एका दमात सांगितलं, बहुतेक गरजेपेक्षा जास्त मोठ्याने. सील म्हणजे कुठलं ते खिशातल्या पावतीच्या मागे चित्र काढून दाखवलं. त्याने पावती घेतली, चित्र उलटसुलट करून बघितलं, घडी घालून चंचीत ठेवली.

"तुम्ही मिस्त्री हाय का?"

मी हो म्हटलं.

त्याने तंबाखूवर दोन थापा मारल्या, चिमूट ओठाखाली ठेवली, आणि केबिनमध्ये हात घालून इंजिन बंद केलं.